अंतराचा हिशेब : प्रत्यावर्ती प्रवाह, रोहित्र आणि सह्याद्रीचे पाणी

वीज जिथे निर्माण होते तिथेच, किंवा फार तर हाकेच्या अंतरावर, ती वापरावी लागणे ही एकोणिसाव्या शतकातील विद्युत उद्योगाची सर्वांत मोठी अडचण होती. कोळसा गाडीत भरून शहरात आणता येत असे. डोंगरावरून कोसळणारे पाणी मात्र जागचे हलत नसे, आणि त्या पाण्यापासून मिळवलेली वीज तारेतून काही मैल नेली की तिचा मोठा भाग वाटेतच तारा तापवण्यात खर्ची पडे. ही अडचण ज्या साधनाने दूर केली त्याला ग्रांथिक मराठीत रोहित्र म्हणतात. शहरात ते ट्रान्सफॉर्मर असते आणि खेडोपाडी नुसते ‘डीपी’. विद्युतदाब वाढवणे किंवा उतरवणे एवढेच त्याचे काम असून, ते करताना त्याच्या गाभ्यात किंवा गुंडाळ्यांत काहीही फिरत नाही. मात्र हे काम केवळ प्रत्यावर्ती प्रवाहावर, म्हणजे ठरावीक गतीने सतत दिशा बदलणाऱ्या प्रवाहावरच होते. त्यामुळे प्रत्यावर्ती प्रवाहाचा इतिहास आणि रोहित्राचा इतिहास एकमेकांपासून वेगळे काढता येत नाहीत. दोन्ही मिळून तो अंतरावर मिळवलेल्या ताब्याचा इतिहास ठरतो, आणि त्यातील एक मोठा प्रयोग बोरघाटाच्या पायथ्याशी खोपोलीला झाला.

अंतराची अडचण नेमकी कशातून येते हे कळण्यास एक साधा हिशेब पुरतो. तारेतून नेली जाणारी शक्ती, ढोबळमानाने, विद्युतदाब आणि प्रवाह यांच्या गुणाकाराइतकी असते. विद्युतदाब म्हणजे प्रवाहाला पुढे रेटणारा जोर, जो व्होल्टमध्ये मोजतात, आणि प्रवाह म्हणजे दर सेकंदाला तारेतून सरकणारा विद्युतभार, जो अँपिअरमध्ये मोजतात. तारेच्या रोधामुळे जी शक्ती उष्णता होऊन वाया जाते ती मात्र प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे प्रवाह दुप्पट झाला तर नुकसान चौपट होते. समजा, १०० किलोवॉट शक्ती १०० व्होल्ट दाबाने पाठवायची आहे. त्यासाठी १,००० अँपिअर प्रवाह लागेल, आणि जाण्यायेण्याच्या तारांचा एकूण रोध अवघा १ ओहम धरला तरी वाटेतील नुकसान १,००० किलोवॉट निघेल, म्हणजे मालापेक्षा वाटखर्च दसपट होऊन व्यवहारच अशक्य ठरेल. तीच शक्ती १०,००० व्होल्ट दाबाने पाठवली तर प्रवाह १० अँपिअरवर येतो आणि त्याच तारांत फक्त १०० वॉट, म्हणजे पाठवलेल्या शक्तीचा हजारावा भाग, वाया जातो. उपाय असा उघड होता. पण १०,००० व्होल्ट कोणाच्या घरात नेता येत नाहीत, त्यामुळे उगमाशी दाब चढवून मुक्कामाला तो पुन्हा उतरवणारे, स्वस्त आणि टिकाऊ साधन हाती असल्याखेरीज तो उपाय कागदावरच राहणार होता.

अशा साधनाचे बीज २९ ऑगस्ट १८३१ रोजी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये रुजले. मायकेल फॅरेडे यांनी सुमारे ६ इंच व्यासाचे मऊ लोखंडाचे कडे घेऊन त्याच्या दोन बाजूंना तांब्याच्या तारेच्या दोन गुंडाळ्या घातल्या आणि वेढे एकमेकांना किंवा लोखंडाला चिकटू नयेत म्हणून मध्ये सुतळी व सुती कापड भरले. एक गुंडाळी विद्युतघटाला जोडली होती, तर दुसरीची तार काही अंतरावर ठेवलेल्या चुंबकसूचीवरून नेली होती. घट जोडताच सूची क्षणभर हलली आणि पुन्हा जागेवर आली. प्रवाह संथपणे वाहत असेतोवर ती स्वस्थ राहिली आणि घट तोडताच पुन्हा हलली. दुसऱ्या गुंडाळीत वीज उपजते ती पहिलीत प्रवाह असल्यामुळे नव्हे, तर तो बदलत असल्यामुळे, हा या निरीक्षणाचा अर्थ होता. पहिल्या गुंडाळीतील प्रवाहामुळे लोखंडात चुंबकत्व येते, आणि ते चुंबकत्व वाढत किंवा ओसरत असेपर्यंतच दुसऱ्या गुंडाळीत विद्युतदाब निर्माण होतो. या घटनेला विद्युतचुंबकीय प्रवर्तन म्हणतात. फॅरेडे यांचे ते कडे आजच्या व्याख्येने रोहित्रच होते. मात्र त्याला अखंड बदलत राहणारा प्रवाह देण्याची सोय आणि तशी गरज तेव्हा नव्हती.

असा प्रवाह देणारे यंत्र पुढच्याच वर्षी तयार झाले. पॅरिसच्या इपोलित पिक्सी यांनी १८३२ साली गुंडाळ्यांसमोर नालाकृती चुंबक फिरवणारे जनित्र बनवले. चुंबकाचे उत्तर आणि दक्षिण ध्रुव गुंडाळीसमोरून आळीपाळीने जात असल्याने त्यातून निघणारा प्रवाह एकदा एका दिशेने आणि एकदा उलट दिशेने वाहत असे, म्हणजे तो प्रत्यावर्ती होता. घटातून मिळणाऱ्या एकाच दिशेच्या, अर्थात दिष्ट प्रवाहाला सरावलेल्या त्या काळाला हा दोष वाटला, आणि भौतिकशास्त्रज्ञ अँपिअर यांच्या सूचनेवरून पिक्सी यांनी प्रवाहाची दिशा एकच राखणारा दिक्‌परिवर्तक यंत्राला जोडला. जनित्रातून स्वभावतः निघणारा प्रवाह सुधारून वापरण्याची ही रीत पुढे जवळपास अर्धशतक चालली. प्रत्यावर्ती प्रवाहाला व्यवहारात प्रथम जागा मिळाली ती रस्त्यावरच्या दिव्यांमुळे : पाव्हेल याब्लोच्कोव्ह यांच्या १८७६ सालच्या ‘मेणबत्तीत’ कोळशाच्या दोन कांड्या शेजारी उभ्या असत आणि त्यांच्या टोकांमध्ये विजेची ज्योत पेटे, दिष्ट प्रवाहावर धन बाजूची कांडी दुसरीपेक्षा लवकर झिजत असल्याने दोन्ही सारख्या जळाव्यात म्हणून दिशा बदलणारा प्रवाह सोयीचा ठरला.

घरगुती दिव्यांचा बाजार मात्र दिष्ट प्रवाहाने काबीज केला. थॉमस एडिसन यांचे न्यूयॉर्कमधील पर्ल स्ट्रीट येथील केंद्र ४ सप्टेंबर १८८२ रोजी सुरू झाले आणि सुमारे ११० व्होल्ट दाबाने आसपासच्या इमारतींना वीज देऊ लागले. दिव्याला लागणाऱ्या दाबानेच वीज तारेत सोडावी लागत असल्याने, जनित्रापासून मैलभराच्या आतच ग्राहक असले पाहिजेत आणि जमिनीखालून तांब्याचे जाड दांडे घातले पाहिजेत, अशा दोन अटी या पद्धतीला जन्मतःच चिकटलेल्या होत्या. दाट वस्तीच्या श्रीमंत पेठेत त्या परवडत. विरळ उपनगराला, आणि डोंगरातील धबधब्याला तर मुळीच, त्या झेपणाऱ्या नव्हत्या.

या अटींतून सुटण्याचा पहिला गंभीर प्रयत्न फ्रेंच तंत्रज्ञ ल्युसिआँ गोलार आणि त्यांचे इंग्रज भागीदार जॉन गिब्ज यांनी केला. ‘दुय्यम जनित्र’ असे नाव दिलेले त्यांचे साधन १८८३ साली लंडनमध्ये मांडले गेले आणि १८८४ च्या तुरिन प्रदर्शनात त्याच्या बळावर सुमारे ४० किलोमीटरवरील लांझो गावापर्यंत वीज नेण्यात आली. अंतर सुटले होते. वाटप मात्र सुटले नव्हते. गोलार यांच्या रचनेत साऱ्या प्राथमिक गुंडाळ्या, म्हणजे वीज आत घेणाऱ्या गुंडाळ्या, माळेतल्या मण्यांसारख्या एकामागे एक जोडलेल्या असत. परिणामी एका ग्राहकाने दिवे मालवले की इतर सर्वांकडील दाब बदले, आणि तो सांभाळण्यासाठी लोखंडी गाभा हाताने आतबाहेर सरकवावा लागे. शिवाय गाभा सरळ दांड्यासारखा उघडा असल्याने चुंबकत्वाचा बराच भाग हवेत पसरून निरुपयोगी होई. पुढे त्यांच्या एकस्वाला न्यायालयात आव्हान मिळाले, आणि १८८८ साली पॅरिसमधील मनोरुग्णालयात गोलार यांचा मृत्यू झाला.

हे दोन्ही दोष बुडापेस्टच्या गांझ कारखान्यातील तीन अभियंत्यांनी १८८५ साली दूर केले. कारोय झिपर्नोव्स्की, ओट्टो ब्लाथी आणि मिक्शा देरी यांनी गाभ्याचे दोन्ही शेवट जुळवून त्याला बंद कड्याचे रूप दिले, ज्यामुळे चुंबकत्व लोखंडातच फिरत राहिले; आणि सर्व प्राथमिक गुंडाळ्या माळेत न ओवता पुरवठ्याच्या दोन तारांवर समांतर जोडल्या, ज्यामुळे एका घरातील दिवा लावल्या-मालवल्याची झळ शेजाऱ्याला पोहोचेनाशी झाली. ‘ट्रान्सफॉर्मर’ हा शब्दही ब्लाथी यांनीच रूढ केला. गणित आता सोपे झाले होते : दोन्ही गुंडाळ्यांतील दाबांचे गुणोत्तर त्यांच्या वेढ्यांच्या गुणोत्तराइतके असते, म्हणून प्राथमिकेत ५०० आणि द्वितीयकेत ५० वेढे असतील तर १,००० व्होल्टचे १०० व्होल्ट होतात. शक्ती मात्र रोहित्रात वाढत नाही. दाब दहापट उतरला की प्रवाह दहापट चढतो.

गाभ्याच्या जडणघडणीत आणखी एक मर्म होते. बदलते चुंबकत्व जसे गुंडाळीत वीज उपजवते तसे ते खुद्द लोखंडातही उपजवते, आणि गाभा अखंड ओतीव असेल तर त्यात पाण्यातल्या भोवऱ्यांसारखे प्रवाह घुमू लागून लोखंड तापते. या प्रवाहांना भोवरा प्रवाह म्हणतात. त्यांची वाट अडवण्यासाठी गाभा एकमेकांपासून निरोधित केलेल्या बारीक तारांचा किंवा पातळ पत्र्यांचा रचतात. विसाव्या शतकाच्या आरंभी त्या पत्र्यांत थोडे सिलिकॉन मिसळण्याची रीत आली आणि चुंबकत्वाची दिशा पुनःपुन्हा उलटवण्यात होणारा अपव्ययही घटला. आजच्या मोठ्या रोहित्रात शिरलेल्या शक्तीपैकी ९९ टक्क्यांहून अधिक शक्ती दुसऱ्या बाजूने बाहेर पडते. माणसाने बनवलेल्या फार थोड्या यंत्रांना ही मजल गाठता आली आहे.

अमेरिकेत उद्योजक जॉर्ज वेस्टिंगहाउस यांच्यासाठी अभियंते विल्यम स्टॅन्ली यांनी मार्च १८८६ मध्ये ग्रेट बॅरिंग्टन या गावात ५०० व्होल्टने वीज फिरवून रोहित्रांद्वारे ती १०० व्होल्टवर उतरवली आणि दुकाने उजळली. त्यानंतर एडिसन आणि वेस्टिंगहाउस यांच्या गटांत जो झगडा झाला त्यात उच्च दाबाच्या धोक्याचा भरपूर गाजावाजा झाला, आणि १८९० साली न्यूयॉर्क राज्याने देहदंडासाठी प्रत्यावर्ती प्रवाहच वापरला. पण या पद्धतीची खरी उणीव निराळी होती. तिच्याजवळ दिवे होते, चांगली मोटर नव्हती. ही उणीव गालिलेओ फेरारिस आणि निकोला टेस्ला यांनी स्वतंत्रपणे मांडलेल्या फिरत्या चुंबकीय क्षेत्राच्या कल्पनेने भरून निघाली, जी टेस्ला यांनी मे १८८८ मधील व्याख्यानात अभियंत्यांपुढे ठेवली. स्थिर गुंडाळ्यांना एकाच वेळी न चढता-उतरता ठरावीक अंतराने मागेपुढे चढउतार करणारे प्रवाह दिले, तर त्यांचे एकत्रित चुंबकत्व जणू फिरू लागते आणि मधल्या दंडगोलाला आपल्यामागे फिरवते. जर्मनीतील मिखाइल दोलिवो-दोब्रोव्होल्स्की यांनी यासाठी तीन प्रवाहांची, म्हणजे त्रिकला किंवा नेहमीच्या बोलण्यातल्या ‘थ्री फेज’ची, रचना पक्की केली.

या सर्व शोधांची एकत्रित परीक्षा १८९१ साली झाली. फ्रँकफुर्टच्या विद्युत प्रदर्शनासाठी नेकार नदीवरील लाउफेन येथील सिमेंट कारखान्यात पाण्याच्या बळावर वीज निर्माण करण्यात आली, रोहित्राने तिचा दाब सुमारे १५,००० व्होल्टवर चढवण्यात आला आणि तीन बारीक तांब्याच्या तारांतून ती १७५ किलोमीटर दूर नेण्यात आली. तिथे तिच्यावर सुमारे १,००० दिवे लागले आणि एक कृत्रिम धबधबाही चालला. नदीवरून निघालेली शक्ती दूरच्या शहरात पुन्हा पाणी होऊन कोसळत असल्याचे ते दृश्य प्रेक्षकांना बरेच काही सांगून जाणारे होते. पाठवलेल्या शक्तीपैकी सुमारे तीन चतुर्थांश मुक्कामी पोहोचली. नायगारा ते बफेलो ही वाहिनी १८९६ साली सुरू झाली तेव्हा जलशक्ती आणि प्रत्यावर्ती प्रवाह यांची जोडी जगभर मान्य झालेली होती.

हिंदुस्थानात ही जोडी लवकर आली. दार्जिलिंगजवळ सिद्रापोंग येथे १८९७ साली एक लहान जलविद्युत केंद्र सुरू झाले. म्हैसूर संस्थानाने १९०२ साली कावेरीवरील शिवनसमुद्र येथून सुमारे १४७ किलोमीटरवरील कोलारच्या सोन्याच्या खाणींना वीज पोहोचवली, आणि त्या काळच्या जगातील सर्वांत लांब वाहिन्यांत तिची गणना होत असे. मुंबईचा प्रश्न मात्र वेगळ्या प्रमाणाचा होता. गिरणगावातील कापड गिरण्या वाफेच्या इंजिनांवर चालत; कोळसा दूर बंगालमधून रेल्वेने किंवा जहाजाने येई, महाग पडे, आणि त्याचा धूर परळ-लालबागच्या चाळींवर पसरे. त्याच वेळी शंभर किलोमीटरच्याही आत, सह्याद्रीच्या माथ्यावर, पावसाळ्याच्या चार महिन्यांत अफाट पाणी पडून समुद्राकडे वाहून जात होते.

जमशेटजी टाटा यांनी उचललेल्या आणि त्यांच्या मृत्यूनंतर दोराबजी टाटा यांनी तडीस नेलेल्या योजनेने या दोन टोकांची गाठ घातली. कंपनी १९१० साली स्थापन झाली, फेब्रुवारी १९११ मध्ये लोणावळ्याला कोनशिला बसली आणि फेब्रुवारी १९१५ मध्ये गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन यांच्या हस्ते वीजपुरवठा सुरू झाला. लोणावळा, वळवण आणि शिरोता येथील तलावांत पावसाळ्याचे पाणी साठवायचे, ते ५०० मीटरहून अधिक उंचीवरून पोलादी नळांतून खोपोलीला सोडायचे आणि त्याच्या झोताने पेल्टन जातीची चक्रे, म्हणजे कडेला पेल्यांसारख्या वाट्या बसवलेली पाणचक्रे, फिरवायची, अशी योजनेची आखणी होती. चक्रांना जोडलेल्या जनित्रांची वीज रोहित्रांत शिरून एक लाख व्होल्टच्या घरातील दाबावर चढे, मनोऱ्यांवरच्या तारांतून खाडी-खाजण ओलांडत सुमारे ७० किलोमीटरचा प्रवास करून परळच्या केंद्रात उतरे, आणि तिथे पुन्हा रोहित्रांतून दाब कमी होऊन गिरण्यांच्या मोटरींकडे जाई. लाउफेनच्या प्रयोगाला तेव्हा पंचवीस वर्षेही झाली नव्हती, आणि दाब सहापटींहून अधिक वाढला होता. काम संपलेले पाणी पाताळगंगेला मिळे. सह्याद्रीचा पाऊस मुंबईत तारेतून पोहोचू लागला होता.

तारेतील नुकसानीचा हिशेब अभियंत्यांनी चोख मांडला होता. पण अंतरामुळे आणखी एक नुकसान घडत होते, जे व्होल्ट-अँपिअरच्या सूत्रात बसत नव्हते. मुंबईची मागणी वाढली तशी तलावांची गरज वाढली, आणि मुळशी खोऱ्यातील गावे व भातशेती पाण्याखाली जाणार हे ठरले तेव्हा मावळातील शेतकऱ्यांनी १९२१ साली सत्याग्रह आरंभला. सेनापती बापट यांच्या नेतृत्वामुळे तो महाराष्ट्रभर गाजला; तुरुंगवास झाले, काही काळ काम थांबले, पण १९२४ पर्यंत चळवळ ओसरली, धरण झाले आणि १९२७ साली त्याच्या पाण्यावरचे भिरा येथील वीजकेंद्र सुरू झाले. वीज वापरणारे शहर आणि तिच्यासाठी घर सोडणारे गाव यांच्यामध्ये आता घाट उभा होता. पर्ल स्ट्रीटच्या ग्राहकाला आपल्या दिव्याचा धूर खिडकीतून दिसत असे. गिरणीतल्या मोटरीला मुळशीचे शेत दिसणे शक्य नव्हते. उगम आणि वापर यांची ताटातूट करणाऱ्या तंत्राने फायदा आणि तोटा यांचीही ताटातूट केली, आणि मुळशीचा सत्याग्रह हा त्या ताटातुटीविरुद्धचा जगातील अगदी आरंभीच्या संघटित आवाजांपैकी एक होय.

रोहित्राचे तत्त्व शंभर वर्षांत फारसे बदललेले नाही, याची साक्ष गावाबाहेर दोन खांबांवर बसवलेली डीपी देते. वरच्या बाजूने ११,००० व्होल्टच्या तीन तारा येतात आणि खालून गावाकडे व शेतातल्या पंपांकडे चार तारा जातात : तीन कलांच्या आणि एक तटस्थ, जिला वायरमन ‘न्यूट्रल’ म्हणतो. करड्या टाकीच्या आत तेलात बुडालेला पत्र्यांचा गाभा आणि त्यावरच्या गुंडाळ्या असतात. तेल निरोधनही करते आणि उष्णता बाहेरच्या नळ्यांपर्यंतही पोहोचवते. तेल तापून फुगते व निवून आकसते तशी टाकी बाहेरची हवा घेते आणि सोडते, म्हणून त्या श्वासाच्या वाटेवर दमटपणा शोषणाऱ्या निळ्या सिलिका जेलच्या खड्यांची बरणी असते. खडे गुलाबी पडले की ते बदलण्याची वेळ आली असे समजतात. जवळ गेल्यास ऐकू येणारी घूं-घूं ही गाभ्याची असते : आपल्याकडचा प्रवाह सेकंदाला ५० पूर्ण आवर्तने, म्हणजे १०० वेळा दिशाबदल, करतो, आणि चुंबकत्वाच्या प्रत्येक चढउतारासरशी पत्रे सूक्ष्म प्रमाणात ताणले जाऊन पूर्ववत होतात.

पराभूत मानलेला दिष्ट प्रवाह मात्र या काळात नाहीसा झाला नाही. बोरीबंदर ते कुर्ला ही देशातील पहिली विजेची गाडी ३ फेब्रुवारी १९२५ रोजी धावली ती १,५०० व्होल्ट दिष्ट प्रवाहावर, कारण त्या काळी गाडीला लागणारा जोर देण्यास दिष्ट प्रवाहाची मोटर अधिक योग्य होती. त्या गाडीला ३,००० किलोवॉट शक्ती हवी असेल तर १,५०० व्होल्टला २,००० अँपिअर लागतात, पुढे आलेल्या प्रत्यावर्ती पद्धतीच्या २५,००० व्होल्टला अवघे १२०. म्हणूनच जुन्या पद्धतीत तारा जाड आणि उपकेंद्रे जवळजवळ ठेवावी लागत. मुंबईच्या उपनगरी मार्गांवरील अखेरचा दिष्ट प्रवाह एप्रिल २०१६ मध्ये बंद झाला आणि लोकलच्या डब्याखाली रोहित्र आले. उलट दिशेचा प्रवासही घडला आहे. प्रवाहाचे रूप बदलणारी अर्धवाहक साधने हाती आल्यावर फार लांबच्या अंतरासाठी दिष्ट प्रवाहच किफायतशीर ठरू लागला, आणि चंद्रपूरहून मुंबईजवळच्या पडघ्यापर्यंतची सुमारे ७५० किलोमीटरची वाहिनी गेल्या शतकाच्या अखेरीपासून अधिक-उणे ५ लाख व्होल्टच्या दिष्ट प्रवाहावर चालते. तरीही तिच्या दोन्ही टोकांना रोहित्रे आहेतच. चंद्रपूरला दाब चढवल्याशिवाय आणि पडघ्याला उतरवल्याशिवाय ती वाहिनी कामाची नाही. खोपोलीच्या पाण्याने गिरणगावाचा धूर कमी व्हावा अशी १९१५ साली अपेक्षा होती. पडघ्याला उतरणाऱ्या विजेचा कोळसा मात्र विदर्भात जळतो, आणि त्याचा धूर कोणत्याही तारेतून पुढे पाठवता येत नसल्याने तो तिथेच राहतो.